आगोटीआधी लॅपटॉप उघडा

सहा-आठ वर्षांचा लॅपटॉप सुरू व्हायला चहा उकळून खाली उतरेपर्यंत वेळ घेतो. ब्राउझर उघडला की पंखा घोंघावायला लागतो, आणि आंब्याच्या पेट्यांचा हिशेब टाकता टाकता माऊस जागच्या जागी थिजतो. ‘आता नवाच घ्या’ हे यावरचं दुकानातलं ठरलेलं उत्तर, आणि बहुतेक वेळा ते घाईचं असतं. प्रोसेसर सहसा झिजत नाही. काम अडतं ते फिरत्या हार्ड डिस्कमुळे, अपुऱ्या रॅममुळे किंवा गरम हवा बाहेर पडायची वाट तुंबल्यामुळे. स्क्रू-ड्रायव्हरची सवय असलेल्या माणसाला ही तिन्ही कामं घरी करता येतात.

मात्र पुण्या-नाशकाकडे जो क्रम सांगतात तो गुहागर, मालवण, वेंगुर्ल्यात तसाच चालत नाही. तिकडे आधी पार्ट मागवतात, मग लॅपटॉप उघडतात. इथे आधी उघडायचा, गंज किती आत गेलाय ते बघायचं, आणि मगच पैसे मोजायचे. खाऱ्या वाऱ्यातले मिठाचे बारीक कण पंख्यावाटे आत जाऊन मुख्य बोर्डावर, म्हणजे मदरबोर्डावर, बसतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की हे मीठ हवेतलंच पाणी ओढून ओलं होतं, आणि मिठाच्या पाण्यातून वीज वाहते. पावसाळ्यात किनाऱ्यावर आर्द्रता दिवसचे दिवस याच्या वर असते. पाऊस सुरू झाल्यावर बॅगेत घालून कपाटात ठेवलेला लॅपटॉप गणपतीत काढला तर सुरूच होत नाही, आणि रोज वापरातला मात्र धडधाकट राहतो, तो यामुळेच. म्हणून उघडायचं काम उन्हाळ्यात, आगोटीची, म्हणजे पावसाळा लागतानाची, बेगमी चालू असते तेव्हा उरकून घ्यावं.

आधी रोग ओळखा

लॅपटॉप सुरू करा आणि दहा मिनिटं हात लावू नका. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. काहीही चालू नसताना डिस्कच्या रकान्यात ९०-१०० टक्के दिसत असतील तर दोष हार्ड डिस्कचा. मिनिटाला ५,४०० फेरे मारणारी डिस्क एक मोठी फाइल सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वाचते. पण विंडोज सुरू होताना हजारो चिमुकल्या फाइली इकडून तिकडून गोळा कराव्या लागतात. तेव्हा तीच डिस्क सेकंदाला एक-दोन एमबीवर येते. हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या एसएसडीत माहिती चिपांवर साठते, फिरणारं काही नसतं, त्यामुळे ही धावाधावच संपते. खरा फरक तिथे पडतो, खोक्यावर छापलेल्या ५५० एमबीच्या आकड्याने नव्हे.

नेहमीचं काम करताना मेमरी ८५ टक्क्यांच्या वर राहत असेल तर रॅम कमी आहे. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर बहुधा दोन्ही रकाने एकदम चढलेले दिसतात, कारण रॅम संपली की विंडोज उरलेलं सामान डिस्कवर नेऊन ठेवतं आणि पुन्हा पुन्हा तिथून आणतं.

तिसरी खूण फसवी आहे. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, वेग एक गिगाहर्ट्झच्या खाली अडकून बसतो, वर जातच नाही. तापमान ९० अंशांच्या पुढे जात असेल तर पंख्याचं आणि प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीकडे नेणाऱ्या पेस्टचं काम आहे. तापमान एचडब्ल्यूइन्फोसारख्या फुकट प्रोग्राममध्ये दिसतं. लॅपटॉप थंड असूनही वेग अडकलेला असेल तर ॲडॅप्टरची पिन बघा. काही लॅपटॉपच्या पिनेत मधोमध बारीक सुई असते; ॲडॅप्टर आपलाच आहे हे मशीन तिच्यावरून ओळखतं. ती वाकली किंवा गंजली की लॅपटॉप अनोळखी ॲडॅप्टर समजून वेग पाडतो आणि बॅटरीही चार्ज करत नाही. अशा वेळी नवी रॅम टाकून काही होत नाही.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रामही चालवा. त्यात ०५ (डिस्कने बाद करून बदललेले तुकडे) आणि सी५ या दोन ओळी महत्त्वाच्या. सी५ शून्य नसेल तर डिस्कचे काही तुकडे वाचता येईनासे झालेत. मग बाकी सगळं बाजूला ठेवून आधी फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढा. ‘उद्या रविवार आहे, निवांत करू’ असं म्हणू नका.

काय बसेल, काय नाही

लॅपटॉपच्या पोटावरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या आणि त्याचं सर्व्हिस मॅन्युअल इंटरनेटवर शोधा. रॅमचे खाचे किती, जास्तीत जास्त किती रॅम चालते, स्क्रू कुठे लपलेत, हे सगळं त्यात असतं. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर ‘किती स्लॉट वापरात’ हे दिसतं, पण बोर्डावर कायमची डकवलेली रॅमही तिथे स्लॉट म्हणून मोजली जाते, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका.

रॅम घेताना सगळ्यात जास्त गफलत होते ती डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांत. साधी डीडीआर३ दीड व्होल्टवर चालते, एल असलेली १.३५ व्होल्टवर. दोन्हींना पिना २०४, दोन्हींची खाच एकाच जागी, त्यामुळे चुकीची पट्टीही खटकन बसते आणि पडदा काळाच राहतो. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या लॅपटॉपना एल लागते. पट्टीच्या लेबलवर पीसी३एल असं असतं. डीडीआर४ला २६० पिना आणि खाच वेगळ्या जागी, ती चुकून बसत नाही. पिढी प्रोसेसरच्या नावात असते: आय५-४२१०यू म्हणजे चौथी, आय५-७२००यू म्हणजे सातवी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी. सगळी मिळून ८ जीबी रॅम घरच्या, दुकानाच्या किंवा होमस्टेच्या कामाला पुरते. शक्य असेल तर ४ आणि ४ अशा दोन पट्ट्या टाका, दोन वाटांनी काम होतं. विंडोज ३२ बिटचं असेल तर सव्वातीन जीबीच्या आसपासच रॅम वापरली जाईल, तेव्हा ते ६४ बिटचं करावंच लागेल.

हार्ड डिस्कच्या जागी साटा जोडणीची अडीच इंची एसएसडी बसते. ती ७ मिलिमीटर जाड असते; जुनी डिस्क ९.५ असेल तर उरलेल्या फटीसाठी काही खोक्यांत प्लास्टिकची चौकट येते, ती लावा, नाहीतर कनेक्टर हलत राहतो. आकार ४८० किंवा ५१२ जीबी. त्याहून लहान घेतली तर दोन वर्षांत भरते, आणि भरत आलेली एसएसडी मंदावते. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी लागतेच. २०१६ नंतरच्या काही लॅपटॉपमध्ये एम.२ची, म्हणजे कार्डासारख्या एसएसडीची, खाच असते. तिथे साटा चालते की तिच्याहून वेगवान एनव्हीएमई, हे मॅन्युअलमध्ये बघूनच मागवा. कार्ड दोन्ही प्रकारचं सारखंच दिसतं, पण नको ते घेतलं तर बसूनही ओळखलं जात नाही. आणि दोन टीबीची एसएसडी पाचशे-हजार रुपयांत मिळतेय असं दिसलं तर ती नकली आहे. आत लहानशी चिप असते आणि आकडा खोटा दाखवला जातो. सुरुवातीची भर नीट होते, पुढच्या फाइली गायब होतात.

चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ इथल्या दुकानांत एसएसडी सहज मिळते. डीडीआर३एल मात्र बऱ्याचदा मागवावी लागते. मुंबईहून कुणी चाकरमानी येणार असेल तर लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणायला सांगा, पण जुन्या पट्टीचा लेबल दिसेल असा फोटो आधी पाठवा. ‘लॅपटॉपची रॅम आण’ एवढ्या निरोपावर चुकीचीच येते.

पुसण्याआधी काढून ठेवायच्या गोष्टी

फोटो आणि कागदपत्रं सगळ्यांच्या लक्षात राहतात. विसरले जातात ते फाँट. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी सुरेख अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या निमंत्रणपत्रिका, ग्रामपंचायतीचे ठराव, मंडळाच्या अहवालांच्या फाइली असतील तर सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फोल्डरातून ते फाँटही उचलून ठेवा. नाहीतर फाइल उघडेल, पण पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. टॅलीचा बॅकअप, ब्राउझरमधले पासवर्ड आणि प्रिंटरचा मॉडेल नंबरही. लॅपटॉप आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल तर बिटलॉकर हे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप चालू आहे का पाहा आणि त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहा. ती नसेल तर जुनी डिस्क दुसरीकडे लावूनही वाचता येणार नाही.

उघडणं

पडवीत बसू नका. वारा लागतो, आणि फरशीच्या सांध्यात गेलेला दीड मिलिमीटरचा स्क्रू परत मिळत नाही. घरात टेबलावर पांढरं कापड घाला. स्क्रू-ड्रायव्हरची पीएच० आणि पीएच०० ही फुलीची दोन टोकं लागतात. घड्याळजीचा स्वस्त संच घेतलात तर गंजलेल्या स्क्रूचं डोकं हमखास झिजतं. अडलेल्या स्क्रूवर स्प्रे मारू नका, तो आत बोर्डावर जातो. सुईच्या टोकाने गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब डोक्याभोवती सोडा, पंधरा मिनिटं थांबा, मग टोक खाली दाबून धरत फिरवा. ताकद फिरवण्यात कमी, दाबण्यात जास्त.

खोक्याच्या पुठ्ठ्यावर लॅपटॉपच्या पोटाचा आकार काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच जागी पुठ्ठ्यात टोचा. हा पोरखेळ वाटेल, पण मागचे स्क्रू लांब आणि पुढचे आखूड असतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो वरच्या कव्हरला आतून फोडून बाहेर येतो, किंवा मदरबोर्डात घुसतो. रबरी पायांखाली आणि डीव्हीडी ड्राइव्हच्या खाचेतही स्क्रू लपलेले असतात. सगळे निघाल्यावर जुनं एटीएम कार्ड कडेच्या फटीत घालून सरकवत न्या. टकटक करत क्लिपा सुटतात. एका जागी अडलं तर राहिलेला स्क्रू शोधा.

आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीची वायर काढणं. मग पॉवरचं बटन १५ सेकंद दाबून धरा, उरलीसुरली वीज निघून जाईल. इथल्या दमट हवेत स्थिर विजेचा धोका कमी असतो, तरी पार्टला हात लावण्याआधी आतल्या धातूच्या चौकटीला बोट टेकवा.

आता टॉर्च तिरपी धरून बघा. यूएसबीच्या तोंडाशी लालसर गंज, हे नेहमीचं, त्याने काही अडत नाही. कनेक्टरच्या पायांशी हिरवट किंवा पांढरी भुकटी असेल तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रशने ती घासून काढा आणि तासभर वाळू द्या. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरिन असतं आणि चिकट थर मागे राहतो. चिपांच्या भोवती, प्रोसेसरजवळ हिरवं पसरलेलं असेल, किंवा बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक रेघा काळ्या पडून उचकटलेल्या असतील, तर मात्र इथेच थांबा. या बोर्डावर पैसे घालू नयेत. डिस्क काढून घ्या आणि नव्या लॅपटॉपचा विचार करा. मुंग्यांनी अंडी घातलेली सापडली तर घाबरायचं कारण नाही, ब्रशने झाडा.

बॅटरी फुगलेली दिसली, म्हणजे टचपॅड वर उचललेलं किंवा खालचं कव्हर न बसणारं, तर तिला टोचू-दाबू नका. तिच्यावरचा पार्ट नंबर आणि व्होल्ट लिहून घ्या. ११.१च्या जागी १४.८ व्होल्टची बॅटरी चालत नाही, आकार जुळला तरी.

एसएसडी आणि रॅम

हार्ड डिस्क पत्र्याच्या चौकटीत चार स्क्रूंनी धरलेली असते. चौकटीसकट ती कनेक्टरपासून आडवी सरकवून बाहेर काढा, वर उचलू नका. काही मॉडेलमध्ये चपट्या फितीने जोडलेली असते. फितीच्या मुळाशी काळी किंवा पांढरी बारीक पट्टी असते, ती नखाने वर केली की फीत सुटते. फीत ओढून काढली तर फाटते, आणि ती वेगळी मिळत नाही. एसएसडी त्याच चौकटीत, त्याच बाजूने.

रॅमच्या दोन्ही कडांच्या क्लिपा बाहेर ढकलल्या की पट्टी आपोआप तिरपी उभी राहते. जुनी पट्टीही एकदा काढाच. तिच्या सोनेरी दातांवर इथे मळकट, धुरकट थर चढलेला असतो. बऱ्याच ‘मेलेल्या’ लॅपटॉपचा आजार एवढाच निघतो. शाळकरी पांढऱ्या खोडरबराने दात हलक्या हाताने, एकाच दिशेने पुसा, कीस झटका आणि अल्कोहोलचा बोळा फिरवा. शाईचा निळा-लाल खोडरबर खरबरीत असतो, तो सोन्याचा मुलामा खरवडतो. नवी पट्टी ३० अंशांत तिरपी धरून पूर्ण आत ढकला. दात जवळजवळ दिसेनासे झाले पाहिजेत, मगच खाली दाबा, दोन्ही क्लिपा टक् करून बसतील.

रॅम बदलल्यावर पहिल्यांदा पडदा मिनिटभर काळा राहू शकतो. घाईने बंद करू नका. दोन-तीन मिनिटांनीही काही दिसलं नाही तर पट्टी काढून पुन्हा बसवा, मग एकेक पट्टी वेगळी लावून बघा.

पंखा

पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे बघा. बाहेरून ब्लोअर मारून जे कधीच निघत नाही ते तिथे असतं: कापूस, केस आणि धूळ ओल धरून नमद्यासारखी चिकटलेली. पंख्याचे तीन-चार स्क्रू काढले की हा पट्टा चिमट्याने सबंध उचलून येतो. ब्लोअर मारायचाच असेल तर पंख्याची पाती टूथपिकने अडवून धरा, भरधाव फिरली तर बेअरिंग जातं.

तांब्याची नळी काढली तर पेस्ट नवी लावावीच लागते. जुनी अल्कोहोलने पूर्ण पुसा, प्रोसेसरच्या चकचकीत चौकोनावर तांदळाच्या दाण्याएवढी ठेवा आणि नळीवर कोरलेल्या १, २, ३, ४ या क्रमाने स्क्रू थोडे थोडे आवळत जा. शेजारच्या चिपांवर रबरासारखे मऊ पॅड असतील तर ते तसेच ठेवा. त्यांच्या जागी पेस्ट लावली तर फट भरत नाही.

तारीख दर वेळी मागे जात असेल तर नाण्याएवढा सेल बदला, बहुतेक ठिकाणी सीआर२०३२. तारीख चुकली की बँकेच्या आणि सरकारी साइट उघडत नाहीत, आणि लोक इंटरनेटला शिव्या देतात.

विंडोज की लिनक्स

नवी एसएसडी जुन्या डिस्कएवढी किंवा मोठी असेल तर जुनी डिस्क जशीच्या तशी तिच्यावर उतरवता येते, त्यासाठीचा क्लोनझिला हा प्रोग्राम फुकट आहे. पण सी५ची ओळ खराब असेल तर ते करू नका, आणि एरवीही नव्याने टाकलेली सिस्टिमच बरी. आठ जीबीचा पेनड्राइव्ह लागेल. टाकण्याआधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, साटाचा मोड एएचसीआय आहे ना ते पाहा. विंडोजचा परवाना बोर्डाशी जोडलेला असतो, त्यामुळे डिस्क बदलली तरी तीच आवृत्ती टाकल्यास तो इंटरनेटवर आपोआप लागू होतो.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. नोंदणी केलेल्या घरगुती संगणकांना मिळणारी वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुन्या मशीनवर आडमार्गाने ११ घालता येतं, पण टॅली किंवा डिजिटल सहीचं टोकन यासाठी विंडोज अडलं नसेल तर लिनक्स मिंट या फुकट सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकलेली बरी. तिला ४ जीबी रॅम पुरते, २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील, आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालतो. प्रिंटर आणि वायफाय आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा.

पावसाळा काढताना

मृगापासून पुढे लॅपटॉप रोज तासभर तरी चालवा. आतली ऊब ओल घालवते, दुसरा स्वस्त उपाय नाही. एसी गाडीतून उतरवला तर अर्धा तास बंदच ठेवा, थंड धातूवर दव धरतं. गडगडाट ऐकू आला की ॲडॅप्टर आणि लॅनची वायर दोन्ही काढा. बॅटरीवर काम होतंच. ॲडॅप्टर तीन पिनांचा असूनही लॅपटॉपच्या धातूला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरच्या अर्थिंगला बहुधा अर्थ उरलेला नाही असं समजा. सड्यावर, जांभ्यात खणलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. त्यात पाणी घालत जा, आणि तरीही फरक नसेल तर वायरमनला बोलवा. अर्थिंग नसेल तर सर्ज प्रोटेक्टर पूर्ण काम करत नाही.

काही आठवडे गावी नसाल तर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात लॅपटॉप आणि दोनशे ग्रॅम सिलिका जेल ठेवा, बॅटरी निम्मी चार्ज करून. तांदळात पुरू नका, कोंड्याची भुकटी पोर्टमध्ये जाते. नारिंगी जेल ओल पिऊन हिरवट होतं. मग ते जुन्या, स्वयंपाकात न लागणाऱ्या तव्यावर मंद आचेवर परत नारिंगी होईपर्यंत परता, गार करा आणि पुन्हा डब्यात.